धूर दिसला म्हणजे डास मेले का?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की तुमच्या गावात, गल्लीत चाललेल्या आरोग्याच्या कुठल्या कामाबद्दल तुम्हाला "ह्याचा खरंच उपयोग होतो का हो" असं वाटतं ते कळवा, तर मेल, व्हॉट्सॲप आणि दोन चक्क पोस्टकार्डं धरून एवढं आलं की संपादकांनी हात जोडले. निवडक सहा घेतलीत. नावं मुद्दाम दिली नाहीत, काही जण नोकरीत आहेत.

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. डेंग्यूचे पेशंट निघाले की मेंबर लोक फॉगिंगसाठी माझ्या मागे लागतात. धूर मारला की पंधरा दिवसांत केसेस कमी होतातच असा आमचा अनुभव आहे, तरी तुम्ही एका लेखात फॉगिंगला नावं ठेवलीत. का?

नावं ठेवली नाहीत हो, पण ठेवायला हरकत नाही. तुमचा अनुभव खोटा नाहीये, त्याचा अर्थ तुम्ही जो लावताय तो घाईचा आहे. तुम्ही फॉगिंग कधी करता? केसेस सगळ्यात जास्त झाल्या, मेंबर भांडायला लागले की. म्हणजे साथ शिखरावर असताना. शिखरावरून रस्ता खालीच जातो. थंडी सुरू झाली, पाऊस थांबला की डेंग्यू ज्या सोसायटीने एक रुपया खर्च केला नाही तिथेही उतरतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं आहे हे.

आता धुराचं बघा. तो फक्त त्या वेळी उडत असलेल्या डासाला लागला तर लागतो, पाण्यातल्या अळीला काहीच होत नाही. डेंग्यूचा एडिस डास घरात राहणारा, दिवसा चावणारा, पलंगाखाली, पडद्यामागे, हँगरला लटकवलेल्या शर्टात दबा धरून बसणारा. आणि फॉगिंगवाला आला की आपण पहिलं काम काय करतो, तर खिडक्या लावून घेतो! म्हणजे डास आत सुरक्षित, धूर बाहेर पार्किंगमध्ये. फॉगिंगने डेंग्यूचे पेशंट कमी होतात का यावर जगभरातले अभ्यास गोळा करून बघितले तर ठोस म्हणावं असं हाताला फार काही लागत नाही. तरी ते चालतं कारण ते दिसतं. नगरसेवकाला फोटो मिळतो, सेक्रेटरीला शांतता मिळते.

मग काय करायचं. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात एक सुंदर अभ्यास झाला. शहराचे 24 भाग पाडले, कुठल्या 12 भागांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात असलेले डास सोडायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर ठरवलं, उरलेल्या 12 मध्ये नेहमीचंच चालू ठेवलं. हा जिवाणू डासात असला की डेंग्यूचा विषाणू त्याच्यात नीट वाढत नाही. 2021 मध्ये निकाल छापून आला, डास सोडलेल्या भागात डेंग्यू 77 टक्के कमी. इथे साथ उतरायची ती दोन्हीकडे उतरली असती, पाऊस दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे जो फरक उरला तो डासांचा, हे छातीठोक सांगता येतं. तुमच्या पंधरा दिवसांच्या अनुभवात हे "दोन्हीकडे" नाहीये, एवढाच माझा मुद्दा. (पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, केंद्राने असे डास आपल्याकडेही तयार केलेत, पण ते दुकानात मिळत नाहीत, उगाच चौकशी करू नका.)

तुमच्या हातात आहे तो कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. निकाराग्वा आणि मेक्सिकोत 150 वस्त्या घेऊन असाच अभ्यास झाला, जिथे लोकांनी स्वतः आपल्या भांड्यांतल्या अळ्या बघून, एकत्र बसून पाणी साठवण्याचा बंदोबस्त केला तिथे मुलांमध्ये डेंग्यूची लागण साधारण 30 टक्क्यांनी कमी दिसली. आकडा तंतोतंत धरू नका, त्यात अनिश्चितता बरीच आहे, पण दिशा कळते. आठवड्यातून एकदाच का, तर अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आणि पिंप, बादली नुसती उपडी करू नका, आतून घासा, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानासुद्धा महिनोन्महिने जिवंत राहतात. दर रविवारी दोन मुलांना टॉर्च देऊन किती घरांत अळी सापडली ते लिफ्टशेजारी फळ्यावर लिहायला लावा. फॉगिंगचं बिल आणि हा फळा शेजारी शेजारी लावला तर वार्षिक सभेत मजा येईल.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब झाले तर डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दुसरं एक सिरप दिलं, ओआरएसचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले देऊ शकता. डॉक्टरांनाच माहीत नसतं का? – नाशिक

माहीत असतं ताई, चांगलं माहीत असतं. गंमत तीच तर आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा बनगावच्या छावणीत कॉलरा सुरू झाला, सलाइन संपायला आलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून, म्हणजे ओआरएसच, ते नातेवाइकांच्या हातून पेशंटला पाजायला लावलं. आधी तिथे 30 टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत होती, ती 3.6 टक्क्यांवर आली. त्याआधी 1968 मध्ये ढाक्यात नॅलिन आणि कॅश या डॉक्टरांचं पेशंटवर हे पाणी तपासून झालं होतं. म्हणजे पुरावा पन्नास वर्षांपेक्षा जुना, वस्तू काही रुपयांची. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली मुलं 60.6 टक्केच.

मग अडतं कुठे? लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देतात, कोणी म्हणतं डॉक्टर अडाणी, कोणी म्हणतं कमिशन, कोणी म्हणतं दुकानात माल नसतो. काही संशोधकांनी हे तिन्ही तपासायचं ठरवलं, 2024 मध्ये ते छापून आलं. कर्नाटक आणि बिहारमधल्या 253 गावांत-शहरांत दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टरांकडे त्यांनी पेशंटच्या बापाचं सोंग घेतलेली माणसं पाठवली, "पोराला जुलाब होतायत हो" म्हणत. काही जण जाताना सांगायचे की आम्हाला ओआरएस हवं, काही दुसरंच औषध मागायचे, काही म्हणायचे तुम्ही द्याल ते. काही दुकानांत आधीच ओआरएस भरून ठेवलं, म्हणजे माल नाही ही सबब उरू नये. निघालं काय, तर सगळ्यात मोठं कारण होतं डॉक्टरांचा समज की पेशंटला ओआरएस नकोय, पाण्याची पुडी दिली तर हा म्हणेल काय डॉक्टर आहे. पैशाची लालूच आणि मालाचा तुटवडा ही कारणंही होती पण दोन्ही छोटी. आणि ज्यांनी स्वतःहून मागितलं त्यांना ओआरएस लिहून देण्याचं प्रमाण 27 टक्के पॉइंटांनी वाढलं!

हे वाचून मला माझंच हसू आलं, कारण आयुष्यभर आम्ही डॉक्टरांच्या ट्रेनिंगवर ट्रेनिंग घेतली. रोग एका ठिकाणी आणि लेप भलत्याच ठिकाणी.

एक जुनी गोष्ट सांगतो. नवीन मेडिकल ऑफिसर असताना गावोगाव ओआरएसच्या सभा घ्यायचो, महिन्याचा रिपोर्ट एकदम झकास. एकदा सभेच्या शेवटी एक म्हातारी उठली, म्हणाली, "सायेब, ह्यो लिटर म्हंजी किती वो?" सगळ्या बाया हसल्या, मला वाटलं तिला हसल्या, नंतर कळलं की त्यांनाही तेच विचारायचं होतं. पुडीवर लिहिलंय एक लिटर, आणि घरात माप म्हणजे तांब्या. कोणी अर्ध्या तांब्यात पुडी टाकायची, ते खारट पाणी पोर थुंकून टाकायचं, कोणी घागरीत टाकायची. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी दवाखान्यातली मापाची बाटली नेली आणि घरोघरी तांब्यांत पाणी मोजून आतून खिळ्याने रेघ मारून दिली. रिपोर्टात त्यासाठी रकाना नव्हता.

तुमच्यासाठी एवढंच, पुढच्या वेळी आत गेल्या गेल्या म्हणा "डॉक्टर, ओआरएस आणि झिंक द्या", झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. पुडी घ्या, टेट्रापॅकमधलं गोड पेय नको, त्यात साखर भरमसाट असते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला बंदीच घातली. शौचात रक्त असेल, पोर मलूल पडलं असेल, काही पोटात ठरत नसेल तर मात्र लगेच डॉक्टर.

प्रश्न : आमची छोटी संस्था नंदुरबारच्या पाड्यांवर कुपोषित मुलांना घरच्या धान्याचं पूरक पीठ देते. सहा महिन्यांत बहुतेक मुलांची श्रेणी सुधारली. देणगीदार कंपनी आता "इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन" मागते आहे. आमच्याकडे वजनं आहेत आधीची आणि नंतरची. एवढं पुरेल ना?

कंपनीला पुरेल बहुतेक. तुम्हाला पुरू नये.

रागावू नका. समजा तुम्ही 100 मुलं निवडली आणि सहा महिन्यांनी 70 सुधारली. पहिला प्रश्न, निवडली कशी? ज्या दिवशी दंडघेर पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली, लालमध्ये आली त्या दिवशी. त्यात काही मुलं कायमची खंगलेली आणि काही नुसती त्या आठवड्यात तापाने, हगवणीने उतरलेली. ही दुसरी मुलं तुमचं पीठ न खाता पण वर येणार होती. सर्दीबद्दल आपण म्हणतो ना, औषध घेतलं तर सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यात. सगळ्यात वाईट दिवशी ज्याला मोजलं तो पुढच्या मोजणीला थोडा बराच निघतो, ह्याला संख्याशास्त्रात मोठं नाव आहे पण आपल्या आजीला ते नावाशिवाय माहीत होतं.

दुसरा प्रश्न, महिने कुठले. सातपुड्यात आषाढ-श्रावण म्हणजे घरातलं धान्य संपलेलं, आई शेतात, पोराला जुलाब-मलेरिया. दिवाळीनंतर धान्य घरात येतं. तुम्ही पहिलं वजन ऑगस्टमध्ये आणि दुसरं फेब्रुवारीत घेतलं असेल तर ते पीठ नाही, सुगी मोजलीत तुम्ही. आणि मग दिवाळीनंतर बिऱ्हाडं गुजरातकडे ऊसतोडीला, बांधकामाला गेली की जी मुलं वजनाला सापडली नाहीत ती कुठली? बहुतेक वेळा सगळ्यात गरीब घरची. ती यादीतून गळाली की सरासरी आपोआप सुधारते. तिसरा प्रश्न बारका पण मी ह्यात फसलोय : काटा. झोळीचा काटा रिकामी झोळी अडकवून शून्यावर आणला का? दोन कार्यकर्त्यांना एकाच मुलाला मोजायला लावा, दोघांचं उत्तर किती वेगळं येतं ते लिहा. तुमच्या सुधारणेचा आकडा त्या फरकाएवढाच असला तर गप्प बसावं लागेल.

मग करायचं काय, तर ज्यांना पीठ मिळालं नाही अशा पाड्यांशी तुलना. इथे तुम्ही म्हणाल की उपाशी पोराला मुद्दाम द्यायचं नाही हे आमच्याने होणार नाही, आणि बरोबर आहे तुमचं. पण तसंही तुम्ही सगळ्या पाड्यांवर एकाच महिन्यात पोहोचणार आहात का? नाही, गाडी एक, माणसं चार. मग कुठला पाडा आधी हे सरपंचाच्या ओळखीवर ठरवण्यापेक्षा सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून ठरवा. पहिल्या खेपेला निघालेले पाडे आणि अजून वाट बघणारे पाडे, दोघांची वजनं त्याच आठवड्यात, त्याच काट्यावर. दोन-तीन महिन्यांनी पुढचे पाडे सुरू. शेवटी सगळ्यांना मिळतंच, आणि मधल्या काळात तुलना फुकट हाती येते. वाट बघणाऱ्या पाड्यात अतितीव्र कुपोषित मूल सापडलं तर त्याला तसंच ठेवायचं नाही, थेट पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे आधीच लिहून ठेवा. अभ्यास राहिला बाजूला, तिथे पोराचा जीव आधी.

तुलनेचा फायदा काय होतो ह्याचं मला आवडतं उदाहरण राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातलं. तिथे लसीकरण फारच कमी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ मंडळींनी 134 गावं घेतली. काही गावांत ठरलेल्या तारखेला न चुकता शिबिर, काहींत शिबिर आणि वर प्रत्येक लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी झाल्या की जेवणाच्या थाळ्यांचा सेट, आणि बाकी गावांत काहीच नवं नाही. पूर्ण लसीकरण काहीच न केलेल्या गावांत 6 टक्के, नुसत्या शिबिरात 18, डाळीसकट 39. फक्त डाळवाली गावं बघितली असती तर सगळं श्रेय डाळीला गेलं असतं, पण मधला 18 सांगतो की दर महिन्याला सिस्टर खरंच येणार हा भरवसा ही सुद्धा एक वस्तू आहे. आणि डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण सिस्टरचा दिवसाचा पगार तोच, मुलं जास्त. तुम्हीही असे दोन गट करून बघा, नुसती घरभेट-सल्ला आणि घरभेट-सल्ला-पीठ. कदाचित पिठापेक्षा तुमची कार्यकर्ती दर आठवड्याला दारात उभी राहते त्याचाच परिणाम निघेल. निघाला तर पीठ दळायचे पैसे वाचले, वाईट वाटून घेऊ नका.

आणि पीठ मुलानेच खाल्लं का? एकदा जेवणाच्या वेळी जाऊन बसा. घरात चार पोरं असताना एकाच्याच वाटीत पीठ पडेल असं कुठल्या आईच्या राज्यात घडतं?

प्रश्न : मी आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) आहे, जिल्हा नाही लिहीत. नवजात बाळाच्या सहा-सात भेटी, फॉर्म, ॲप, परत रजिस्टर. मीटिंगला विचारतात भेटी किती झाल्या. बाळ कसं आहे हे कोणी विचारत नाही. ह्या भेटींनी खरंच मरण टळतं का, का नुसता कागद?

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं.

टळतं. आणि हा पुरावा कुठल्या परदेशातला नाही, गडचिरोलीतला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांत हे सुरू केलं आणि 47 गावं तुलनेला ठेवली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना शिकवलं – बाळाचा श्वास मोजणं, ताप-थंडावा बघणं, वजन, ऊब, अंगावरचं दूध, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की घरातच इंजेक्शन. 1993 ते 95 मध्ये या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात जात होती, 1997-98 पर्यंत ती 25 च्या आसपास आली, आणि तुलनेच्या गावांत आकडा साठाच्या जवळ तसाच राहिला. 1999 च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे महाराष्ट्रातच आणखी सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांकडून करून बघितलं, मग 2011 मध्ये केंद्र सरकारने ते देशभर आशांच्या गळ्यात घातलं, 3, 7, 14, 21, 28, 42 वा दिवस, घरी बाळंतपण असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त, मोबदला 250 रुपये.

आता नीट बघा, गळ्यात घालताना काय गळलं. गडचिरोलीत शिकवलेल्या बाईच्या, म्हणजे आरोग्यदूताच्या, हातात इंजेक्शन होतं, देशभरच्या योजनेत आशाच्या हातात ते दिलं नाही, पाठवायला सांगितलं. तिथे एका बाईकडे थोडीच घरं, तिच्या मागे दर पंधरा दिवसांनी येऊन शेजारी बसून बघणारा सुपरवायझर. आता तुमच्याकडे हजार लोकसंख्या, त्यात आयुष्मान कार्ड, सर्व्हे, पल्स पोलिओ. मग जो पुरावा होता तो कशाचा होता आणि आपण राबवतोय ते काय, हे दोन वेगळं झालं ना. गोळी तीच म्हणायचं आणि त्यातलं अर्धं औषध काढायचं, वर आकडा मूळ गोळीचा सांगायचा. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, रेफर करायला गाडी आहे, म्हणून इंजेक्शनची गरज कमी झाली असेलही, पण ते "असेल" तपासायला हवं, गृहीत नको धरायला.

भेटी किती झाल्या हा आकडा का वाईट ते मी स्वतः करून बसलोय. माझ्या एका केंद्रात सगळ्या रजिस्टरांत सहाच्या सहा भेटी, शंभर टक्के, मी खूश, कौतुक झालं. एका दुपारी वीज गेली म्हणून व्हरांड्यात रजिस्टर चाळत बसलो तर एका बाळाच्या सहाही भेटी एकाच पेनाने, एकाच झोकात लिहिलेल्या, वजन दर भेटीला बरोबर 200 ग्रॅमने वाढलेलं. बेचाळीस दिवसांत शाई एक थेंब फिकट नाही! त्या घरी गेलो तर आई माहेरी, बाळ विसाव्या दिवसापासून गावातच नाही. त्या आशाला मी बोललो नाही, बोलायचं असतं तर आधी मला आरशासमोर उभं राहावं लागलं असतं, आकडा मी मागत होतो.

त्यानंतर मीटिंगला प्रश्न बदलला. भेटी किती हे शेवटी, आधी "ह्या महिन्यात आजारी बाळ कोणाकोणाला सापडलं". गडचिरोलीत अगदी सुरुवातीला मोजलं तेव्हा जवळपास निम्म्या नवजात बाळांना पहिल्या महिन्यात काही ना काही गंभीर त्रास निघाला होता. आज तेवढा नसेल, पण ज्या आशाताईला वर्षभरात एकही बाळ थंड पडलेलं, दूध न ओढणारं, मिनिटाला साठच्या वर श्वास घेणारं दिसलं नाही तिच्याकडे एक तर देव आहे किंवा भेटीच होत नाहीत. आणि जिला सापडलं तिला शिक्षा नाही, चहा. हे लिहायला पाहिजे कारण बऱ्याच ठिकाणी आजारी बाळ कळवलं की पहिला प्रश्न येतो "मग तुम्ही काय करत होता?" आणि पुढच्या महिन्यापासून सगळी बाळं ठणठणीत.

तुमच्या गटप्रवर्तकांना, म्हणजे तुमच्या सुपरवायझरना, हा अंक दाखवा. किटमधलं घड्याळ बंद आहे का, थर्मामीटरचा सेल गेला का, तेही सांगा. मी फिरायचो तेव्हा बंद घड्याळाने श्वास मोजलेला बघितलाय, उत्तर कायम 40.

प्रश्न : माझ्या आईचं माहेर उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातलं. वीसेक वर्षांपूर्वी तिथे बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करणारी गाडी यायची, मामीला तपासलं पण शेजारच्या गावाला कोणी गेलंच नाही. हा काय प्रकार होता? आणि आता मी 38 ची आहे, कुठली टेस्ट करू?

तुमच्या मामीचा हिशोब जगभर वाचला गेला बरं का. 1999 पासून टाटा मेमोरियलच्या बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर प्रकल्पाच्या मंडळींनी 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका घेतल्या, गावांचे 52 गट, आणि चिठ्ठीने ठरलं की कुठल्या गटाला एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची), कुठल्याला पॅप (पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची), कुठल्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची तपासणी, आणि कुठल्याला काहीच नाही, नुसती माहिती. आठ वर्षं पाठपुरावा झाला, 2009 मध्ये निकाल आला. एचपीव्ही टेस्टच्या साधारण 34 हजार बायकांत या कॅन्सरने 34 मृत्यू, काहीच न केलेल्या साधारण 31 हजारांत 64. आयुष्यात एकदा केलेल्या एका टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे. ह्याच्यानंतर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही टेस्टच पहिली करा म्हणून सांगितलं, त्यामागे हा अभ्यास आहे.

व्हिनेगरच्या तपासणीचं मात्र कोडं आहे. उस्मानाबादेत तिने मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही. तमिळनाडूत दिंडिगलला 35 टक्के कमी झाले, मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी करत राहिले तिथे 31 टक्के. तपासणी एकच, निकाल तीन. कारण ही टेस्ट म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. पांढरा डाग दिसला की नाही हे ट्रेनिंगवर, उजेडावर, त्या दिवशीची ती चाळिसावी बाई आहे का त्यावर. म्हणून "पुराव्याने सिद्ध" असा शिक्का बघून निवांत होऊ नये.

शेजारच्या गावाला गाडी गेली नाही ते टोचणारच. ह्यावर भांडणं झाली, अजून होतात. एक बाजू म्हणते त्या वेळी भारतात कुठेच तपासणी नव्हती, तेव्हा कोणाचं काही काढून घेतलं नाही, दुसरी म्हणते पॅपचा उपयोग जगाला आधीच माहीत असताना हजारो बायकांना नुसतं बघत राहणं बरोबर नाही. मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि तरीही त्या निकालाचा फायदा रोज घेतो, ही माझी अडचण आहे, मी ती लपवत नाही. मला जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. इतकं करून 2019-21 च्या त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती, तर 1.9 टक्के. पुरावा आपल्या मराठवाड्यातला, वापर बाकीच्या जगाचा.

तुम्ही 38 च्या, एचपीव्ही टेस्ट परवडत असेल तर ती करा. नसेल तर सरकारी दवाखान्यात व्हिनेगरची तपासणी फुकट होते, तीही नसण्यापेक्षा कितीतरी बरी, फक्त दर पाच वर्षांनी परत. आणि मामीला माझा नमस्कार.

प्रश्न : हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला मुलगी आली होती, आमच्याकडे कोणाला पाय सुजलेला नाही म्हणून घेऊन डब्यात ठेवल्या. चालेल ना? – भंडारा

नाही चालणार काका. ह्या गोळ्या सुजलेल्या पायासाठी नसतातच, रक्तात फिरणाऱ्या बारक्या जंतांसाठी असतात, आणि ते तुमच्या अंगात आहेत का हे तुम्हाला कळत नाही, रात्री रक्त घेतलं तर कळतं. गावातल्या पुरेशा माणसांनी खरोखर गिळल्या तरच डासाला पुढे न्यायला जंत मिळत नाहीत, एकूण लोकसंख्येच्या निदान 65 टक्के लोकांनी असं धरतात. त्यामुळे वाटलेल्या गोळ्या आणि गिळलेल्या गोळ्या हे दोन वेगळे आकडे, म्हणून तर समोर खायला लावतात.

डब्यातल्या आता स्वतःच्या मनाने खाऊ नका, डोस वयावर आणि उंचीवर ठरतो, एक्स्पायरीही बघावी लागते, परत देऊन टाका. पुढच्या फेरीला जेवून घ्या आणि तिच्या समोर खा; घरात कोणी गरोदर असेल, फार आजारी असेल, अगदी लहान मूल असेल तर तिला आधी सांगा. मोहिमेनंतर कोणीतरी सर्व्हेला येईल, विचारेल गोळ्या खाल्ल्या का. ह्या वेळच्या डब्यात आहेत असं सरळ सांगा तिला, बिचारीला वाटेला लावायला "हो हो खाल्ल्या" म्हणू नका.